टाचणवही आणि समास

उर्दू वर्णमालेत 'अलिफ' आणि 'बे'नंतर तिसरं अक्षर 'पे'. संगणकाला मात्र हे आपोआप ठाऊक नसतं. युनिकोडमध्ये अरबीची मूळ अक्षरं आधी ओळीने बसली आणि फारसी-उर्दूला लागणारी 'पे', 'टे', 'चे', 'गाफ' वगैरे पुढच्या घरांत गेली. त्यामुळे उर्दू शब्दांची यादी नुसत्या आकड्यांच्या क्रमाने लावली, की 'पानी' हा शब्द 'वक़्त'च्याही मागे जाऊन बसतो. पाचवीतली मुलगी 'पानी' शोधायला 'बे'च्या पुढचं पान उघडते, तिथे तो नसतो, आणि ती यादी परत करत म्हणते, "मिस, ये लफ़्ज़ इसमें हैच नहीं."

मराठीतही हाच प्रकार आहे, जरा सौम्य. आपण शाळेत 'ळ' हा 'ह'नंतर म्हणतो. युनिकोडने त्याला 'ल'च्या शेजारी जागा दिली आहे. म्हणून संगणकाच्या यादीत 'काळ' आधी आणि 'काव्य' नंतर. वर्णमाला पाठ असलेल्या मुलाला हे उलटं वाटणारच.

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या एका शाळेत मराठी शिकवते, काही तासिका उर्दूच्याही असतात. टाळेबंदीच्या काळात शाळा बंद होत्या, तेव्हा हळूहळू पायथन शिकले. हेतू एकच होता. वर्षानुवर्षं वहीत जमवलेला उर्दू-मराठी शब्दसंग्रह मुलांच्या हातात देता यावा. साधा शब्दकोश मला नको होता. आमच्या मुलांना सगळ्यात जास्त फसवतात ते दोन्ही भाषांत सारखेच ऐकू येणारे शब्द. उर्दूत 'ख़ाली' म्हणजे रिकामं, मराठीत 'खाली' म्हणजे वरच्या उलट. उर्दूत 'तकरार' म्हणजे हुज्जत, भांडण. मराठीत 'तक्रार' अर्जावर लिहून देतात. उर्दूतला 'ख़ुलासा' म्हणजे सारांश, आणि आमच्या कार्यालयातून 'खुलासा करावा' असं पत्र आलं की शिक्षकाची झोप उडते. 'राज़ीनामा' तर विचारूच नका. तिकडे दोन पक्षांची दिलजमाई, इकडे नोकरी सोडल्याचा कागद.

तर असे काही हजार शब्द, आणि त्यांची दोन क्रमांत छपाई. कामाला बसल्यावर पहिला प्रश्न आला तो प्रोग्रॅमिंगचा कमी आणि संसाराचा जास्त वाटला. कुणाचं काम कुणी करायचं?

प्रोग्रॅममध्ये 'शब्द' नावाची एक वस्तू आहे. तिच्यात उर्दू रूप, मराठी रूप, अर्थ, वाक्यात उपयोग. आता उर्दू क्रमात आपली जागा कोणती, हे या शब्दालाच कळायला हवं का? मराठी क्रमातली जागाही? छापताना उजवीकडून डावीकडे जायचं हेही? एकेक काम त्याच्याच गळ्यात घालत गेलं, की त्याची अवस्था शाळेतल्या त्या एकट्या लिपिकासारखी होते. दाखले तोच देणार, पगारपत्रकं तोच करणार, पोषण आहाराची नोंदही तोच ठेवणार. तो रजेवर गेला की शाळा ठप्प.

दुसरा मार्ग असा, की शब्द शब्दच राहू द्यायचा आणि यादी लावणारं यंत्रही जसं आहे तसंच ठेवायचं. दोघांच्या मध्ये एक दुभाषी बसवायचा. यंत्र विचारतं, "तुझा क्रम काय?" दुभाषी शब्दाकडे बघतो आणि यंत्राला कळेल असं उत्तर देतो. उर्दूसाठी एक दुभाषी, मराठीसाठी दुसरा. प्रोग्रॅमर लोक याला ॲडाप्टर म्हणतात. घरातला दोन पिनचा प्लग तीन पिनच्या बोर्डात बसवायला जे लागतं, तेच नाव. भिंतही फोडायची नाही, प्लगही कापायचा नाही.

हे काम मला नवं नव्हतं. पालकसभेत मी तेच करते. एखाद्या मुलाची अम्मी दखनीत बोलते, साहेब मराठीत बोलतात, आणि मधे मी. हजेरीपटावर किंवा सेवापुस्तकात या कामाची नोंद कुठेही नाही. आणि दुभाष्याचा खरा प्रश्न नेमका तोच आहे. तो काम उत्तम करतो, पण तो आहे आणि अमुक दोघांच्या मध्ये आहे, हे लिहून कुठे ठेवायचं?

माझ्या प्रोग्रॅममध्ये दुभाषी दोनच होते, तोवर हा प्रश्न छोटा होता. तो किती मोठा होऊ शकतो हे भाच्यामुळे कळलं. तो पुण्यात नोकरी करतो. गेल्या ईदला आला तो लॅपटॉप घेऊनच. एका परदेशी संस्थेची प्लोन या प्रणालीवर चालणारी जुनी वेबसाइट त्याच्या गळ्यात पडली होती. शीरखुर्मा बाजूला ठेवून तो एका लांबलचक फाइलकडे बघत बसलेला. मला म्हणाला, "खाला, कोड तीस ओळींचा आहे. तो कुणाला जोडलाय हे शोधण्यात माझा अख्खा रोज़ा गेला होता परवा."

प्लोनच्या पोटात जी यंत्रणा आहे तिचं नाव 'झोप'. मराठी माणसाने हे नाव ऐकून हसू नये अशी अपेक्षा करणं चूक आहे. पण झोप हे पायथनच्या इतिहासातलं मोठं नाव आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्ग इथल्या एका कंपनीने ते बनवलं आणि १९९८ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. जिम फुल्टन हे त्यामागचं मुख्य डोकं. जुन्या झोपमध्ये वर म्हटलेल्या लिपिकाचीच गोष्ट झाली होती. एकेक वस्तू डझनभर पूर्वजांचा वारसा घेऊन जन्माला यायची, आणि एखादा गुण तिच्यात नेमका कुठून आला हे सांगणं कठीण व्हायचं. म्हणून त्यांनी सगळं नव्याने लिहायला घेतलं. २००४ मध्ये झोप ३ ची पहिली आवृत्ती आली. तिचा पाया म्हणजे हेच दुभाषी. प्रत्येक घटक आपण काय काय करतो याचा जाहीरनामा देतो, त्याला इंटरफेस म्हणायचं. एका इंटरफेसपासून दुसऱ्यापर्यंत नेणारा तो ॲडाप्टर. आणि या सगळ्यांची नोंद एका मध्यवर्ती नोंदवहीत. कुणाला दुभाषी हवा असेल त्याने नोंदवहीला विचारायचं.

विचार सुंदर आहे. खोट आली ती ही नोंदवही भरण्याच्या पद्धतीत. त्यासाठी वेगळ्या फाइली होत्या, वेगळ्या भाषेत लिहायच्या. एक्सएमएलच्या धर्तीवरची ती भाषा म्हणजे झेडसीएमएल. पायथनमध्ये दुभाषी लिहायचा, मग दुसरी फाइल उघडून तिथे कळवायचं, की अमुक फाइलमधला अमुक वर्ग अमुकसाठी आहे, त्याचं नाव अमुक, तो बघायला अमुक परवानगी लागेल.

ज्यांनी बी.एड. केलं आहे त्यांना हे लगेच समजेल. पाठ टाचण! आमच्या वेळी एका पस्तीस मिनिटांच्या पाठासाठी चार-चार पानं टाचण लिहावं लागे. उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, सगळे रकाने भरायचे. कविता पाठ्यपुस्तकात आणि ती कशी शिकवायची हे टाचणवहीत. वर्गात एका हातात पुस्तक, एका हातात वही, आणि खडू धरायला तिसरा हात नाही. दहा-पंधरा वर्षं शिकवलेल्या शिक्षकाचं पुस्तक उघडून पाहा. समासात पेन्सिलने दोन शब्द लिहिलेले असतात: 'इथे प्रश्न विचार', 'हा शब्द उर्दूत वेगळा'. जे सांगायचं ते ज्या ओळीबद्दल आहे त्या ओळीच्या शेजारी.

झोपच्या मंडळींमध्येही हा कंटाळा साचत गेला. २००६ मध्ये मार्टिन फासेन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी 'ग्रोक' नावाचं काम सुरू केलं. (हल्ली याच नावाचा एक चॅटबॉट आहे, त्याचा इथे संबंध नाही.) हा शब्द रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९६१च्या एका विज्ञान कादंबरीतून आलेला. तिथे मंगळवासीयांच्या भाषेत त्याचा शब्दशः अर्थ 'पिणे', आणि खरा अर्थ एखादी गोष्ट पूर्णपणे, आतून समजणे. आपण तर एखाद्याने व्याकरण 'कोळून प्यायलं' असं सहज म्हणतो, त्यासाठी मंगळावर जायची गरज पडली नाही. ग्रोकचं बोधचिन्ह होतं एक गुहेतला रानटी माणूस, हातात सोटा घेतलेला. झेडसीएमएलवर सोटा हाणणारा. त्यांच्या उदाहरणांतसुद्धा हत्तीऐवजी मॅमथ आणि गुहेतली चित्रं असत.

सोटा असला तरी काम नाजूक होतं. ग्रोकने झोपचे दुभाषी मोडले नाहीत, नोंदवहीही मोडली नाही. बदलली ती फक्त नोंद करण्याची जागा. वर्ग लिहितानाच त्याच्या डोक्यावर एक ओळ: हा मॅमथसाठी आहे. बस. आणि जिथे सांगण्याची गरजच नाही तिथे तीही नको. फाइलमध्ये एकच मॅमथ असेल, तर त्याच फाइलमधलं त्याचं दर्शनी पान त्याचंच असणार. पानाला वेगळं नाव दिलं नसेल, तर वर्गाचं नाव लहान अक्षरांत तेच त्याचं नाव. फाइल 'ॲप' असेल, तर तिच्या पानांचे आराखडे 'ॲप टेम्प्लेट्स' या फोल्डरात शोधायचे. प्रोग्रॅम सुरू होताना ग्रोक सगळ्या फाइलींमधून एक फेरी मारतं, या खुणा वाचतं आणि नोंदवही स्वतः भरतं.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एकाच फाइलमध्ये दोन मॅमथ असले आणि पान नेमकं कुणाचं ते सांगितलेलं नसलं, तर ग्रोक अंदाज करत नाही. ते थांबतं, आणि कुणासाठी आहे ते स्पष्ट लिहा म्हणून अडून बसतं. सोयीसाठी संकेत पाळायचा, पण शंका आली की विचारायचं. चांगला दुभाषीही असाच असतो. पालकसभेत एखादी आई 'ख़ाली' म्हणाली आणि मला नीट कळलं नाही, तर मी अंदाजाने भाषांतर करत नाही, तिलाच पुन्हा विचारते.

पण टाचणवहीची बाजूही मांडायला हवी, कारण ती कुणी हौस म्हणून काढली नव्हती. मी आजारी पडले तर माझ्या जागी येणाऱ्या बाईंना वही वाचून तास घेता येतो. मुख्याध्यापकांना एका जागी बसून महिनाभराचं काम दिसतं. झेडसीएमएलमागचा विचारही तोच होता. घटक लिहिणारा एक, तो आपल्या संस्थेत बसवणारा दुसरा. दुसऱ्याने पहिल्याच्या कोडला हात न लावता जोडणी बदलावी. ज्या ठिकाणी खरोखर दोन वेगळी माणसं असतात तिथे हे शहाणपणाचं आहे, आणि प्लोनमध्ये ते आजही चालतं. गोची एवढीच, की बहुतेक छोट्या कामांत लिहिणारा आणि बसवणारा एकच असतो, आणि तो स्वतःलाच अर्ज लिहून स्वतःच मंजूर करत बसतो. उलट समासातल्या टिपणांची अडचण अशी, की पाठ्यपुस्तक बदललं की ती गेली, आणि सगळं मिळून कसं दिसतं हे पाहायला पूर्ण पुस्तक चाळावं लागतं. ग्रोकबद्दलही 'ही जादू आहे, काय कुठे जोडलं गेलं ते दिसत नाही' असं म्हणता येतं, आणि ते अगदीच खोटं नाही.

ग्रोक आज फारसं कुणी वापरत नाही. पण कल्पना पुढे गेली. ग्रोकची खुणा वाचणारी लायब्ररी होती 'मार्शन', म्हणजे मंगळवासी. पुढे पिरॅमिड या वेब चौकटीच्या मंडळींनी तशाच कामासाठी जी केली तिचं नाव 'व्हिनूशियन', शुक्रवासी. खुद्द पायथन भाषेत दुभाष्यांची सोय असावी असा प्रस्ताव २००१ मध्येच आला होता. तो नाकारला गेला. तरी २०१४ मध्ये पायथन ३.४ सोबत 'सिंगल डिस्पॅच' आलं. वस्तू कोणत्या प्रकारची आहे ते बघून योग्य फंक्शन निवडायचं, आणि कोणतं फंक्शन कशासाठी हे त्या फंक्शनच्या डोक्यावर एका ओळीत लिहायचं. ही एक छोटी नोंदवहीच आहे, भाषेसोबत फुकट मिळणारी. २०१९ मध्ये ३.८ सोबत 'प्रोटोकॉल' आला. आता घटकाने 'मी अमुक आहे' असा जाहीरनामाही द्यायला नको. लागणारी कामं त्याला येत असली की पुरे, तपासणारी साधनं ते जुळवून पाहतात. मुलाखतीत प्रमाणपत्र न मागता फळ्यावर उभं करावं, तसं.

माझ्यासाठी हा सगळा नुसता अभ्यास नव्हता. आमच्या शाळेची पटसंख्या दरवर्षी उतरते आहे. संचमान्यतेत माझं पद अतिरिक्त ठरू शकतं, हे मला आणि शिक्षकखोलीतल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यावर चहा पिताना कुणी बोलत नाही एवढंच. मी उद्या दुसऱ्या तालुक्यात गेले तर शब्दसंग्रह कुणी चालवायचा? छापलेल्या प्रती दोन वर्षांत फाटतील. नवे शब्द घालायचे, क्रम लावायचा, पुन्हा छापायचं, हे कुणाला तरी जमलं पाहिजे, आणि तो कुणीतरी प्रोग्रॅमर असणार नाही.

म्हणून मी दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलं. भाच्याने एक संध्याकाळ शेजारी बसून मदत केली. 'क्रम' नावाचं एक फोल्डर. त्यात प्रत्येक भाषेची एक फाइल. प्रत्येक फाइलमध्ये एकच फंक्शन, त्याच्या डोक्यावर एक खूण: हा उर्दूचा क्रम, हा मराठीचा. इंटरफेस नाहीत, वारसा नाही, वेगळी जोडणीची फाइल नाही. पायथनमध्ये अशी खूण तेव्हाच नोंदली जाते जेव्हा ती फाइल वाचली जाते. कुणी फाइल ठेवली आणि ती कुठूनच बोलावली गेली नाही, तर ती गुपचूप पडून राहते. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताच फोल्डरातल्या सगळ्या फाइली स्वतः वाचतो. दोन फाइलींनी एकाच भाषेवर हक्क सांगितला, तर दोघांची नावं दाखवून थांबतो. ही अक्कल गुहेतल्या माणसाची.

आणि टाचणवहीकडून घेतलेली गोष्ट म्हणजे छपाईच्या आधी पडद्यावर येणारा तक्ता: कोणती भाषा, कोणत्या फाइलमधून, कोणतं फंक्शन. हा तक्ता कुणी हाताने भरत नाही, समासातल्या टिपणांवरूनच तो तयार होतो. भाचा म्हणाला, इतक्या लहान प्रोग्रॅमला याची काय गरज? मी म्हटलं, बेटा, तुला गरज नाही. जो उद्या माझ्या खुर्चीत बसेल त्याला आहे.

गेल्या महिन्यात अरबी शिकवणाऱ्या हाफिज़साहेबांनी विचारलं, की त्यांच्या शब्दांचीही अशी यादी होईल का. अरबीत एक वेगळी मेख आहे. शब्दाच्या सुरुवातीचा 'अल' क्रम लावताना सोडून द्यायचा, नाहीतर निम्मी यादी 'अलिफ'मध्येच गोळा होते. मी मुद्दामच हात लावला नाही. आमची एक माजी विद्यार्थिनी तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला आहे, तिला बोलावलं आणि फोल्डर दाखवलं. काय कुठे आहे हे सांगितलं नाही. तिने प्रोग्रॅम चालवला, तक्ता वाचला, उर्दूची फाइल उघडली, तिची नक्कल केली, डोक्यावरची खूण बदलली आणि आतल्या ओळी हाफिज़साहेबांना विचारत विचारत लिहिल्या. मधे एकदा खूण बदलायची राहिली होती, तेव्हा प्रोग्रॅमने उर्दूचे दोन दावेदार दाखवून तिला अडवलं. ती हसली आणि दुरुस्त केलं. जुन्या एकाही फाइलला हात लागला नाही.

तक्त्यात आता तीन ओळी आहेत. 'अल-किताब' 'काफ'मध्ये सापडतं.